तीन कानांची गाठ

"आता शेवटची ओळ वाचा," चष्म्याच्या दुकानातली मुलगी म्हणाली आणि बाईंच्या नाकावरच्या जड चौकटीत तिने आणखी एक भिंग सरकवलं. "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?"

बाईंनी ओळ वाचली नाही. त्यांनी मुलीचं मनगट धरलं.

"अहो काकू!"

"हलू नकोस."

मनगटाच्या आतल्या बाजूला बुटाच्या लेसची गाठ गोंदलेली होती. तीन कानांची, म्हणजे लेस दुमडून केलेल्या तीन फासांची. नवं भिंग अगदी बरोबर नंबरचं असणार, कारण बाईंना सगळं लख्ख दिसलं. तिन्ही कान एका मापाचे, साच्यातून काढल्यासारखे. दोन जागी सुई नको इतकी खोल गेलेली आणि तिथे शाई कातडीखाली पसरून निळसर डाग पडलेले. आणि तिसरा कान, जो मुळात खालून वर यायला हवा, तो वरून आणून नुसता ठेवून दिलेला.

"कोणी काढलं हे?"

"छान आहे ना? मैत्रीची गाठ आहे. आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून काढली." मुलीने मनगट सोडवून घ्यायचा एक प्रयत्न केला. "पुलापलीकडच्या दुकानात. भिंतीवरच लावलीय त्यांनी. तिघं एकदम गेलं की सवलतपण देतात."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मनगट सोडलं, चौकट काढून मुलीच्या हातात दिली आणि पिशवी उचलली.

"अहो, नंबर तरी घेऊन जा!"

"मला दिसायचं ते दिसलं," बाई म्हणाल्या आणि रस्त्यावर आल्या.

बाईंना सगळे बाईच म्हणत. सव्वीस वर्षं त्या लोकांच्या अंगावर गोंदत होत्या. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती: एक खुर्ची, एक उंच दिवा, एक टेबल आणि चार कोऱ्या भिंती. भिंतीवर एकही चित्र नाही. येणाऱ्याला आधी हेच खटकायचं. "निवडायचं कशातून?" असं कोणी विचारलं की बाई म्हणत, "निवडायला ही काय भाजी आहे?" निम्मे लोक तिथूनच परत फिरत आणि बाईंना त्याचं दुःख नसे. जे थांबत त्यांचं त्या ऐकत. दोनदा, तीनदा, कधी महिनाभर. मग चित्र काढत, ते त्या एकाच माणसाचं असे. गोंदून झालं की मूळ कागद त्याच्यासमोर उभा-आडवा फाडून टाकत आणि म्हणत, "आता ही जगात एकाच ठिकाणी आहे." हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जरा चढे, खोटं कशाला बोला.

पुलापलीकडचं दुकान होतं गडबड्याचं. हे नावही बाईंनीच ठेवलेलं. सहा वर्षं तो त्यांच्या हाताखाली शिकला. हात चांगला होता पण बूड ठरत नव्हतं. शाई सुकायच्या आत पुसायचा, माणूस बोलून संपायच्या आत कागद ओढायचा. मग एक दिवस म्हणाला, "बाई, लोकांना इतका वेळ नसतो," आणि स्वतःचं दुकान काढलं. बाईंनी त्याला जाताना दोन चांगल्या सुयांची पाकिटंही दिली होती. तेव्हा त्याच्या नावाने बोटं मोडली नाहीत, म्हणून आज सगळी एकदम मोडायची वेळ आली होती.

पुलावर वारा होता. बाई तरातरा चालत होत्या आणि कोणाची तरी सायकल अंगावर येता येता राहिली, तेव्हा सायकलवाल्यालाच दोन शब्द ऐकवून पुढे गेल्या. डोक्यात एकच घोळत होतं. मैत्रीची गाठ म्हणे! त्या पोरीचं काय, तिला कोणीतरी सांगितलं मैत्री, तिने काढली मैत्री. पण गडबड्याला माहीत होतं. ती गाठ कोणाची हे त्याने बाईंच्याच तोंडून ऐकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती बाईंकडे आली होती. वाचनालयात पुस्तकांची देवघेव बघणारी, तिशीतली, केस मागे घट्ट बांधलेले. सात वर्षांची मुलगी होती तिला. ताप आला आणि तीन दिवसांत गेली. तिने आणलेले फोटो टेबलावर एका रांगेत मांडले. बाईंनी ते पाहिले आणि एकेक करून गोळा करून तिच्याकडे परत दिले.

"चेहरा कुठेही काढून मिळेल," बाई म्हणाल्या. "ती हातांनी काय करायची ते सांगा."

मुलीच्या आईने फोटो पर्समध्ये ठेवले. मग म्हणाली, "बूट स्वतः बांधायची. कोणाला हात लावू द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती एका कापडी पिशवीत डाव्या पायाचा बूट घेऊन आली. लहान मुलं काढतात तसा, लेस न सोडता टाच ओढून काढलेला. गाठ तशीच होती, तीन कान असलेली. आई म्हणाली, "सोडायची मात्र नाही."

बाईंनी ती सोडली नाही. आता गाठ न सोडता ती कशी बांधली हे शोधायचं म्हणजे बंद पेटीतलं पत्र वाचायचं. त्यांनी बूट चारी बाजूंनी कागदावर काढला. विणायच्या सुईच्या टोकाने लेस केसभर उचलून आत विजेरी मारली. बाजारातून त्याच जाडीची लेस आणून खुर्चीच्या पायाला बांधून पाहिली, एकदा, दहादा, चाळीसदा. दोन कान होत. तिसरा केला की पहिले दोन बिघडत. किल्लीवाल्याला वर बोलावून दाखवलं, तर तो म्हणाला, "बाई, ही गाठ नाही, गुंता आहे," आणि त्याला तिथून हाकलण्यात आलं. गडबड्याने तेव्हाच नवं दुकान काढलं होतं. त्या दिवसांत तो एकदा भेटायला आला आणि बाईंना जमिनीवर बसून खुर्चीचा पाय बांधताना पाहून हसला होता. बाईंनीही मूर्खासारखं त्याला सगळं सांगितलं.

तीन आठवडे होत आले तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपण हा कान शोभेचा समजतोय. पोर काय शोभेसाठी बांधेल? त्यांनी मुलीच्या आईला वाचनालयात फोन लावला.

"ती लेसमध्ये पाय अडकून कधी पडली होती का?"

पलीकडे शिक्के मारल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"दोनदा. दोन्ही गुडघे फुटले होते. बूट तिच्या मावसबहिणीचे होते, लेस लांब होती. मी म्हटलं कापून देते. नको म्हणाली, मी बघते काय करायचं ते."

"मग?"

"मग नाही पडली."

मग बाईंच्या हाताला ते कळलं. नेहमीसारखे दोन कान करायचे. लोंबणारा लांब शेंडा उरतो, तो पायात येतो. त्याचाच दुमडून एक चिमुकला कान करायचा आणि गाठीच्या मधून, खालून वर, बोटाने ढकलायचा. मधला घट्टपणा त्याला धरून ठेवतो. लोंबतं काही उरत नाही. सात वर्षांच्या मुलीने दोनदा पडून, रडून झाल्यावर, कोणालाही न विचारता लावलेला हा शोध होता. बाई जमिनीवर बसल्या होत्या तिथेच थोडा वेळ बसून राहिल्या आणि त्यांना त्या न पाहिलेल्या पोरीचा फार अभिमान वाटला.

पुढचं चित्र अवघड नव्हतं, तरी बाईंनी ते अकरा वेळा काढलं. पहिला कान मोठा, दुसरा त्याहून कमी, तिसरा मुठीतून अंगठा बाहेर यावा तेवढाच. हातावर ती अशी बसवली की शिक्का मारताना आईला सरळ दिसावी. गोंदताना आई एकदाही हलली नाही. झाल्यावर बाईंनी कागद फाडला, आपलं वाक्य म्हटलं. आई तुकड्यांकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, भारावली आहे.

आणि त्या गाठीचा आता सवलतीचा माल झाला होता.

गडबड्याच्या दुकानाचं काचेचं दार बाईंनी असं ढकललं की वरची घंटा दोनदा वाजली. आत बाकावर तीन पुरुष बसले होते. चाळिशीचे, दणकट, नखांत काळं वंगण. शेजारच्या गॅरेजचे असावेत. तिघांच्या हातात नंबराचे बिल्ले होते. मागची सगळी भिंत चौकटींनी भरली होती. गुलाब, नांगर, वाघ, पंख, आणि चौथ्या ओळीत, क्रमांक सत्तेचाळीस, ती. तीन सारखे कान. खाली छापील अक्षरांत: मैत्रीची गाठ.

"बाई!" गडबड्या हातमोजे काढत बाहेर आला. "या ना, बसा."

"बसायला आलेले नाही. सत्तेचाळीस नंबर कुठून आला?"

त्याने भिंतीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बाई, आत जाऊन बोलू या का?"

"इथेच बोल. लावताना सगळ्यांसमोर लावलीस ना?"

"मी चोरलेली नाही."

"वा! चोर तो चोर, वर शिरजोर. गुलाब विक, वाघ विक, कोणी काही म्हटलं तुला? ही गाठ कोणाची होती ते तुला मी स्वतः सांगितलं होतं. या तोंडाने सांगितलं होतं. एका आईचं दुःख उचलून भिंतीवर टांगताना तुझा हात कसा थरथरला नाही?"

"बाई, ऐकून तरी घ्या. तिनेच दिली."

"कोणी?"

"त्या आईनेच. इथे आली, बाही वर केली आणि म्हणाली, ही कागदावर उतरवून घे."

"उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती कशाला देईल?"

"मी नाही विचारलं," गडबड्या म्हणाला. "दर शनिवारी येते. बसते तासभर. आज शनिवारच आहे, तुम्हीच विचारा."

बाकावरच्या तिघांपैकी मधला, मिशीवाला, खाकरला. "काही भानगड आहे का? म्हणजे आम्ही तीच गाठ काढायला आलोय."

"तुम्ही मध्ये पडू नका," बाई म्हणाल्या. "हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस असेल तर गप्प बसून करून घ्या."

मिशीवाल्याने हात मांडीखाली घेतला.

बाई बसल्या नाहीत. भिंतीसमोर उभ्या राहून एकेका चौकटीचा समाचार घेऊ लागल्या. वाघाचा जबडा निखळलाय. पंखांना सांधे नाहीत, हे उडणार कशाने? गडबड्या काढलेल्या हातमोज्यांची घडी घालत राहिला. सहा वर्षं त्याने हेच ऐकलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं बरोबर होतं.

घंटा वाजली. मुलीची आई आत आली. खांद्याला डब्याची पिशवी, केस तसेच घट्ट बांधलेले. बाईंना पाहून ती दारातच थांबली आणि तिने उजव्या हाताने डाव्या हाताची बाही खाली ओढली.

बाई तिच्याकडे वळल्या. आवाज त्यांनी जमेल तेवढा खाली आणला. "बरं झालं आलात. मी तुमच्याकडेच येणार होते. हे बघा या माणसाने काय केलंय. तुमच्या लेकीची गाठ. अहो, चष्म्याच्या दुकानातल्या पोरीच्या हातावर मी..."

"मीच दिली."

"याने तुम्हाला भुलवलं असणार."

"नाही," आई म्हणाली. "मीच आले होते."

"पण का? मी तुम्हाला सांगितलं होतं ना, ही फक्त तुमची आहे. मी कागदसुद्धा..."

"हो. फाडलात." आईचा आवाज मोठा नव्हता, पण गडबड्याने हातातले हातमोजे खाली ठेवले. "माझ्यासमोर फाडलात. चार तुकडे केलेत. मला विचारलंत?"

"तो माझा नियम आहे. मी सगळ्यांचेच फाडते. तो मान असतो."

"कोणाचा मान?"

बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी तो कागद मागणार होते," आई म्हणाली. "घरून ठरवून आले होते. झालं की कागद मागायचा आणि तिच्या वह्यांबरोबर ठेवायचा. माझ्या तोंडात शब्द होते आणि तुम्ही फाडलात. वर म्हणालात, आता ही जगात एकाच ठिकाणी आहे. जसं काही मोठं बक्षीसच दिलंत. एकुलती एक गोष्ट असली की काय होतं, ते मला सांगता? मला?"

बाकावरचे तिघे जमिनीकडे बघत होते.

"मी किती रात्री हात उशाशी घेऊन झोपले. भाजेल, कापेल, काही होईल. वाचनालयात कपाट सरकवताना हात आधी मागे घेते मी. एका हातावर किती भार टाकायचा?" ती थांबली. डब्याची पिशवी तिने बाकावर ठेवली. "आणि गेल्या वर्षी मीच ती गाठ सोडली."

"बुटाची?" बाईंनी विचारलं.

"एक दिवस बूट मांडीवर घेऊन बसले होते. वाटलं, ओढून बघू, म्हणजे तिची बोटं कशी फिरायची ते कळेल. ओढली. एका झटक्यात सुटली. मग सबंध दुपार बांधत बसले, नाही जमली. हातावरचं बघून बांधायला गेले, पण हातावर वरची बाजू दिसते. खालून काय केलंय ते कसं कळणार? तुमच्याकडे यायला निघाले. जिन्यापर्यंत आले. किल्लीवाला म्हणाला, बाई वर आहेत, जा. तेव्हा आठवलं, कागद तर तुम्ही फाडला. वर येऊन काय मागू? तुम्ही परत तुमचं वाक्य म्हणाला असता."

"म्हटलं नसतं," बाई म्हणाल्या. पण म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"तिथून सरळ इथे आले. याला म्हटलं, उतरवून घे आणि जो मागेल त्याला दे. आता बसमध्ये दिसते, रांगेत दिसते. परवा एक बाळंतीण पुस्तक बदलायला आली, तिच्या हातावर होती. लोकांना काही माहीत नसतं. नसू दे. माझी पोर चार लोकांत हिंडते आहे, तुमचं काय जातंय?"

आतल्या खोलीत कुठलंसं मशीन चालूच राहिलं होतं. गडबड्या जाऊन ते बंद करून आला.

बाईंना खूप काही म्हणायचं होतं. मला कळलं नाही, मी चांगल्या मनाने केलं, वगैरे. पण ही वाक्यं त्यांना येत नव्हती. त्यांना एकच गोष्ट येत होती आणि तीच त्यांच्या तोंडून निघाली.

"पण ही ती नाहीच."

"काय?"

"भिंतीवरची. ही तिची गाठ नाही." बाईंनी चौकट खिळ्यावरून काढली आणि आईसमोर धरली. "तिसरा कान बघा. वरून ठेवलाय. जरा ओढला की निघून येईल, मग शेंडा परत पायात. तिने तो खालून वर काढला होता. म्हणून तर ती पडली नाही. आणि हे तिन्ही सारखे कसे? लेस उरेल तेवढाच शेवटचा कान होणार ना?"

आईने चौकटीकडे पाहिलं. बाही वर करून आपल्या हाताकडे पाहिलं. पुन्हा चौकटीकडे.

"मला वाटलं बरोबरच असेल," ती म्हणाली. "मला कुठे बांधता येते."

"मी जरा समतोल केला, बाई," गडबड्या खालच्या आवाजात म्हणाला. "एक मोठा, एक लहान, लोकांना वाकडं वाटतं. म्हणून..."

"समतोल!" बाईंचा आवाज पुन्हा छताला लागला. "सात वर्षांच्या पोरीने डोकं लढवून केलेलं काम तू दुरुस्त करणार? तिला चूक समजलास? अरे, गाठ काढण्याआधी एकदा बांधून तरी बघायची होतीस!"

"तुम्ही ती मला दाखवली कुठे?" गडबड्या म्हणाला. तो पहिल्यांदाच चिडला होता. "कागद असता तर कागदावरून काढली असती. वर्षभराने जाड झालेल्या रेघेवरून काढलीय मी. खालचं वरचं काय दिसतंय त्यात?"

बाईंनी आईचा बाही वर केलेला हात धरला आणि पाहिला. रेघ खरंच जाड झाली होती. कातडी कातडीचं काम करते, ती कोणाचा नियम पाळत नाही. जिथे लेस लेसखाली जात होती तिथली बारीक फट भरून आली होती. बुटातली गाठ सुटली होती, कागद फाटला होता, आणि ती पोर जी युक्ती करून गेली ती आता उरली होती फक्त बाईंच्या बोटांत. ज्या बाईंना आज चष्म्याच्या दुकानात भिंगाशिवाय शेवटची ओळ वाचता येत नव्हती. डोळ्यांची ही गोष्ट त्यांनी अजून कोणाला सांगितलेली नव्हती.

त्यांचा राग गेला नव्हता. तो फक्त गडबड्यावरून उठून आपल्याच अंगावर येऊन बसला होता आणि तिथे तो फार जड लागत होता. त्यांनी चौकट पालथी करून टेबलावर ठेवली आणि बाकाकडे वळल्या.

"तुम्ही. मिशीवाले. बूट काढा."

"मी?"

"गाठ गोंदवून घ्यायचीय ना? आधी बांधून दाखवा. ज्याला बांधता येईल त्याच्याच हातावर मी काढीन. ज्याला येणार नाही त्याने वाघ काढून घ्यावा."

"बाई, ही माझी गिऱ्हाइकं आहेत," गडबड्या म्हणाला.

"तूपण बूट काढ."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मिशीवाल्याने वाकून आपला बूट काढला, आणि गॅरेजातला सगळा वास खोलीत आला. बाईंनी तोंड वेडंवाकडं केलं पण बूट उचलला. तो मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या. त्यांच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मुलीची आई.

"दोन कान करा. असे. डावा उजव्यावरून. आत घाला, ओढा. हळू! बैल बांधताय का? आता हा शेंडा लोंबतोय, दिसला? याचा छोटा कान. आणि आता बोट खालून. खालून म्हटलं मी, वरून नाही."

जाड, काळी बोटं त्या लेसमध्ये अडखळत होती. दुसऱ्याने दोनदा केलं, दोनदा सुटलं. तिसरा आपल्याच बुटावर वाकून जीभ दातांत धरून बसला होता. गडबड्या जमिनीवर उकिडवा बसला आणि, त्याची ती जुनी खोड, बाईंचं सांगून संपायच्या आत ओढून मोकळा झाला.

"सोड ती. पहिल्यापासून कर."

त्याने मुकाट्याने सोडली.

आईने बूट काढला नव्हता. ती बाईंच्या बोटांकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने वाकून आपल्या उजव्या बुटाची लेस सोडली. दोन कान केले. ते आत घातले. मग लोंबणारा शेंडा तिच्या बोटांत तसाच राहिला आणि ती थांबली.

मिशीवाल्याची, त्याच्या दुसऱ्या बुटावरची, गाठ तेवढ्यात लागली. चिमुकला कान मधून वर आला, त्याने तो ओढून पाहिला, अजून जोरात ओढून पाहिला. सुटला नाही.

"च्यायला," तो म्हणाला आणि लगेच "माफ करा" म्हणाला. "काय धरतंय बघा! कोणाची युक्ती ही?"

बाईंनी आईकडे पाहिलं. गडबड्यानेही पाहिलं.

"आहे एक मुलगी," आई म्हणाली.

"हुशार आहे हं पोरगी. आमच्या गॅरेजात असं डोकं कोणाला नाही."

"हो," आई म्हणाली. "कोणाला हात लावू देत नाही."

तिने मान वर केली नाही. शेंडा अजून तिच्या बोटांत होता. बाईंनी हात पुढे केला, मग मागे घेतला आणि आपल्या मांडीवरच्या बुटाची गाठ ओढून पूर्ण सोडून टाकली.

"माझ्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "दोन कान."